पायाळू बाईचं वादळ

सगळ्या वादळांत विजा नसतात, हे म्हणे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. मला ते साठी उलटून बरीच वर्षं झाल्यावर कळलं, आणि कळेपर्यंत माझ्या धाकट्या जावेच्या, सुमनच्या, पायावर बेतलं. मूर्खपणा सगळा माझा. त्यात कुणाची भागीदारी नाही. चक्रीवादळ अंगावर येत होतं, घरदार पक्क्या स्लॅबखाली गोळा होऊन बसलं होतं, आणि मी एकटी मागच्या दारानं निघून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन बसले. का? तर मी पायाळू. वीज पडली तर माझ्यावर पडणार. मग पोराबाळांच्या गर्दीत कशाला बसा, पडायची ती एकटीवर पडू दे. असा थोर विचार करून मी निघाले होते. थोर विचार करणाऱ्या माणसाला घरच्यांनी खाटेला बांधून ठेवावं, असं माझं आता स्पष्ट मत झालंय.

आज हे आठवायचं कारण, समुद्रात पुन्हा काहीतरी गरगरायला लागलंय. सकाळी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. आमच्या घरात हल्ली वादळाचा मेसेज आला की आधी मला मोजतात, मग गुरं. सूनबाई दारातून डोकावली, मी पलंगावर आहे हे बघून गेली. शेगडीवरचं दूध उतरवून पुन्हा डोकावली. मग पुण्याला शिकणाऱ्या नातीचा, तनूचा, फोन आला. “आजी, घरातच आहेस ना? व्हिडिओ चालू कर.” मी व्हिडिओ चालू करून तिला छताचा पंखा दाखवला. “पंखा ओळखला मी,” ती म्हणाली, “आता तू दाखव.”

बाहेर म्हणावं तर काहीच नाही. कडुलिंबाचं पान हलत नाही. कोंबड्या उकिरडा उकरतायत. आभाळ राखेच्या रंगाचं, निर्विकार. वादळाआधी हे असंच असतं. आभाळाच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही, आणि खालची माणसं मात्र दोऱ्या शोधत पळत असतात.

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पाय पुढं करून आलेली. डोक्यानं यायचं सोडून मी पायांनी आले. आई म्हणायची, “तवापासून तुझं डोकं मागंच राह्यलंय.” आमच्याकडं अशा माणसाला जन्माबरोबर काही कामं लागतात. कुणाच्या कमरेत उसण भरली तर पायाळू माणसानं त्या जागी लाथ मारायची, की उसण जाते. पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं असंही म्हणतात. मला आजतागायत घागरीतलं पाणी संपलेलंही कळलेलं नाही. आणि तिसरं म्हणजे वीज. आभाळ गडगडलं की ती पायाळू माणसाला हुडकत येते.

माझं माहेर दौंडच्या अंगाला, भीमेकाठचं. तिथं आभाळ गडगडायला लागलं की आजी मला ओढत चुलीपाशी न्यायची आणि माझे पाय घोंगडीत गुंडाळून टाकायची. “झाक, पाय झाक! तिला दिसतील.” तिला म्हणजे विजेला. मी घोंगडीत पाय घालून बसायची आणि बाकीची भावंडं माझ्याकडं भीतीनं आणि थोड्या हेव्यानं बघत राहायची. आमच्या घरात पोरं इतकी होती की जेवताना कुणाला नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. “ए, सरक” एवढ्यावर काम चालायचं. पण ढग आले की सगळ्या घराला माझी आठवण व्हायची. “ती कुठाय? आत घ्या तिला आधी.” मला तर ढग आवडायलाच लागले होते.

तिथला पूरही विचित्र. आमच्या डोक्यावर ऊन असायचं, धुणं खणखणीत वाळत असायचं, आणि नदी चढत असायची. पाऊस पडायचा तो लांब, घाटमाथ्यावर. पाणी मात्र आमच्या दारात. कोतवाल दवंडी देऊन जायचा. मग बाप्ये काठावरची पाणी उपसायची इंजिनं ओढून वर आणायचे, बाया नदीची ओटी भरायला निघायच्या, आणि आम्ही पोरं काठावर बसून काय काय वाहत येतं ते बघायचो. ओल्या गोणपाटासारखा वास, चहासारखं पाणी. एकदा एक बाज वाहत आली. तिच्यावर एक कोंबडी ऐटीत बसलेली. सगळा गाव तिच्याकडं बघत होता, ओरडत होता, आणि ती काही गावाकडं बघायला तयार नव्हती. वळणापलीकडं गेली. तिचं पुढं काय झालं कुणास ठाऊक. संकटात सापडलेल्या कुणाचं मला कौतुक वाटलं असेल तर ते तिचं.

लग्न होऊन मी इकडं, निमोण्याच्या बाजूला वस्तीवर आले. माहेरी पाणी येऊन छळायचं, सासरी न येऊन. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा आणि टँकरचा आवाज आला की बाया भाकरी तव्यावर टाकून हंडे घेऊन पळायच्या. मी पायाळू असल्याचं आईनं सोयरिकीच्या वेळीच सांगून टाकलं होतं. सासरच्यांनी ते हुंड्यात मिळाल्यासारखं आनंदानं घेतलं, कारण मामंजींच्या कमरेत कायमची उसण.

अंगाची हळदही उतरली नव्हती. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, मला ओसरीवर बोलावलं. मामंजी पालथे पडलेले. मी डोक्यावरचा पदर सांभाळत उभी.

“बघती काय? घाल लाथ!” आत्याबाई म्हणाल्या.

“कुठं?” मी विचारलं.

“माझ्या डोक्यात घाल! आगं, कमरंत, कमरंत.”

“दमानं गं पोरी,” खालून मामंजी म्हणाले, “उद्या नांगर धरायचाय मला.”

मी लाथ मारली. घाबरत मारली, तरी बरी बसली असावी, कारण ते “आई गं” म्हणून उठले आणि सरळ चालत गोठ्यात गेले. उसण गेली म्हणून गेले की दुसरी बसू नये म्हणून गेले, हे मला कधी कळलं नाही. पण नाव झालं. न्हावऱ्याकडून एसटीनं कंबर धरून माणसं यायची. गावात वेल्डिंगचं दुकान असलेले हमीदभाई तर दरवर्षी यायचे. लाथ खाऊन चहा प्यायचे आणि “भाभी, पाय सलामत राहो” म्हणून जायचे. ज्या वयात बाकीच्या सुना सासऱ्यासमोर आवाज काढायला भीत होत्या, त्या वयात मी सासऱ्याला लाथ मारून आशीर्वाद घेत होते. डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं?

पुढं धाकट्या दिराचं लग्न झालं आणि सुमन घरात आली. चणीनं बारकी, रंगानं सावळी, जिभेची फटकळ. आमच्याकडं कांदा निघतो तो नेमका वळवाच्या दिवसांत. रानात कांद्याचे ढीग पडलेले, आणि दुपार कलली की पश्चिमेला जांभळासारखं आभाळ चढायला लागतं. धुरळ्याचा वास येतो, कावळे वाकडे उडायला लागतात, आणि घरातलं जे कोणी हाताशी असेल ते ताडपत्र्या घेऊन रानाकडं धावतं. मीही धावायची, बांधापर्यंत. तेवढ्यात कुठंतरी गुरगुरलं की आत्याबाईच ओरडायच्या, “आगं तू कुठं? तू आत जा! घरादारावर आणशील.” मी आज्ञाधारक सून. लगेच वळायची.

मग मी खिडकीत बसायची, पाय घोंगडीत घालून, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप. बाहेर सुमन त्या ताडपत्रीशी झगडत असायची. वारा एका टोकानं ताडपत्री पळवायचा, दुसऱ्या टोकाला ती लोंबकळत असायची. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवेपर्यंत चिंब व्हायची. आत आली की पदर पिळत विचारायची, “आक्का, शेंगा सोलून झाल्या का?”

“झाल्या की.”

“मग दाणं कुठं हायती? टरफलंच दिसत्यात नुसती.”

ती खिडकीतली तरणीताठी बाई आज मला भेटली, तर तिचा कान धरून मी तिला ताडपत्रीच्या दुसऱ्या टोकाला उभी करीन. तिला वाटायचं की ती घाबरलीय. घाबरलेल्या माणसाला इतक्या शेंगा जात नाहीत.

एकदा वीज खरंच पडली. ओढ्याकाठच्या चिंचेवर. उजेड असा झाला की भिंतीवरच्या खिळ्याची सावलीसुद्धा दिसली, आणि मग आवाज. चिंच मधोमध चिरली, वर धूर. सुमन तेव्हा कांद्याच्या ढिगाशी होती, चिंचेपासून हाकेच्या अंतरावर. घरात आली तेव्हा तिचे दात वाजत होते. मी तिला काय म्हणाले असेन? म्हणाले, “बघ, माझ्यासाठीच आली होती. नेम चुकला.” सुमन चुलीपुढं बसून केस वाळवायला लागली.

असं सगळं आयुष्य गेलं. आत्याबाई-मामंजी गेले, आमच्या दोघींचे नवरे गेले, सुमनच्या मुली लग्न होऊन लांब गेल्या. माझ्या विलासनं स्लॅबचं घर बांधलं. शेजारीच सुमनची पत्र्याची खोली. “मला माझी चूल हाय” म्हणून ती तिथंच राहिली, पण जेवायला आमच्याकडं. उसणवाल्यांची गर्दी कमी झाली, लोक गोळ्या घ्यायला लागले. ढग आले की विलास मला “आई, आत बस” म्हणायचा, तोही सवयीनं. बैलपोळ्याला म्हाताऱ्या बैलालाही झूल घालतात तसं. माझा त्या गोष्टीवर विश्वास उरला होता का, हे मला नीट सांगता येणार नाही. नव्हता म्हणावं तर गडगडलं की पाय आपोआप पोटाशी जायचे.

आणि मग ते वर्ष आलं, जेव्हा सगळं बंद होतं. तोंडाला फडकी, बाजार बंद, एसटी बंद. उन्हाळाभर फोन एकच सांगत होता, लांब लांब राहा. जून उजाडला तसा तोच फोन सांगायला लागला, चक्रीवादळ येतंय, पक्क्या घरात एकत्र बसा. आम्हाला वळीव माहीत, वावटळ माहीत, गारा माहीत. चक्रीवादळ हे टीव्हीतलं, समुद्रकाठच्या लोकांचं. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिलाय आणि तेव्हाही त्यानं माझी चप्पल नेली. त्याचं माझं भांडण तिथंच संपलं असं मी समजत होते. हमीदभाई तर म्हणाले, “कुठं येतंय भाभी! शिक्रापूरच्या चौकातच अडकंल ते, ट्रकांच्या रांगेत.”

तरी विलासनं कांदाचाळीला दोऱ्या बांधल्या. दोरीचं दुसरं टोक धरायला अर्थातच सुमन. साठीची बाई, अंगात साखर, तरी शिडीवर. मी ओट्यावरून सूचना देत होते. तनू तेव्हा शाळकरी होती, फोनमधलं ते पांढरं चक्र मला दाखवत म्हणाली, “आजी, हे वाऱ्याचं असतं. वीजबीज फार नसते यात.” मी मान डोलावली. नातवंडांनी सांगितलेल्या शहाणपणाच्या गोष्टी मी नेहमी मान डोलावूनच घेते. मान डोलावली की त्या खाली पडतात.

वादळाच्या दिवशी दुपारपर्यंत आमची मोठी खोली माणसांनी भरली. सुमन आली, पलीकडच्या पत्र्याच्या घरांतली माणसं आली, हमीदभाई बायकोला आणि नातवंडांना घेऊन आले. इतक्या महिन्यांत इतकी माणसं एका जागी पाहिली नव्हती. पोरांना तर लग्नघरासारखं झालं होतं. हमीदभाईंची सगळ्यात धाकटी नात माझ्या पायांशी भातुकली मांडून बसली. माझ्या पायांशी. बाहेर वारा वाढत होता, आभाळ खाली आलं होतं, आणि मी त्या पोरीच्या डोक्याकडं बघत बसले होते.

त्या वर्षी जो तो स्वतःला धोका समजत होता. आपल्यामुळं दुसऱ्याला काही व्हायला नको, असं टीव्ही, फोन, गाडीवरचा भोंगा सगळेच शिकवत होते. मी जरा जास्त मनावर घेतलं म्हणायचं. की आणखी काही होतं? त्या भरलेल्या खोलीत कुणी “तिला आत घ्या आधी” म्हणालं नव्हतं. सगळे एकजात घाबरले होते आणि माझं वेगळं असं काही उरलं नव्हतं. हे मला आज सुचतंय. तेव्हा मी स्वतःला त्यागमूर्ती समजत होते. घोंगडी घेतली, शेंगदाण्याचे दोन लाडू घेतले आणि “मोरीला जाऊन येते” म्हणून मागच्या दारानं बाहेर पडले. मरायला निघालेल्या बाईनं शिदोरी घेतली होती, हे लक्षात घ्या.

मोटारीची खोली म्हणजे चार भिंती, वर पत्रा, लोखंडी दार. आत ग्रीसचा वास, भिंतीवर स्टार्टरची पेटी, तिच्यामागं पाल. मी गोणपाटावर बसले आणि जन्मात पहिल्यांदा गडगडायच्या दिवसात पाय उघडे टाकून बसले. लांब पसरून. म्हटलं, ये.

वारा आला. तो कसा आला हे सांगणं अवघड आहे. वळवाचा वारा धावत येतो, दारं आपटतो, निघून जातो. हा निघून जाईचना. एकाच सुरात, जसं काही कुणी न थांबता श्वास सोडत होतं. फटीतून दिसत होतं: ऊस एका बाजूला झोपला, पुन्हा उठलाच नाही. शेवगा कडकन गेला. पाऊस वरून खाली पडायचं सोडून आडवा चालला होता. वर पत्रा थरथरत होता. मी डोळे मिटून वाट बघत होते.

वीज येईना. मी एक लाडू खाल्ला. तरी येईना. साधी चमकही नाही, कुठं लांब गुरगुर नाही. जिच्या भीतीनं मी जन्मभर घोंगडीत पाय घालून बसले, जी मला हुडकत फिरते म्हणून माझा घरात मान, ती आयत्या वेळी फिरकलीच नाही. मला चक्क अपमान वाटायला लागला. इतकं पाय उघडे टाकून बसलेय, आणि बघायलाही कुणी नाही!

तेवढ्यात हाक आली. वाऱ्यानं तिचे तुकडे केले होते. “आक्... का...”

दार ढकललं तर उघडेना, खांदा लावला तेव्हा फटभर उघडलं. सुमन बांधावरून येत होती. डोक्यावर गोणपाटाची खोळ, एका हातानं ती धरलेली, वाकून, जवळजवळ रांगत. मी ओरडले, “मागं जा!” ती ओरडली, “काऽय?” आणि तिच्या मागं आमच्या गोठ्याचा एक पत्रा उठला. उठला म्हणजे वर गेला नाही. जमिनीलगत सरकत आला, पाण्यावरून ताटली जावी तसा. सुमनच्या पायाशी आला आणि पुढं जाऊन बांधाला अडकला. आवाजही झाला नाही, किंवा मला आला नाही. सुमन खाली बसली. मला वाटलं, दमली.

तिला काखेत धरून आत ओढली तेव्हा दिसलं. पोटरी मागून उघडली होती. मी पदर फाडला. नऊवारीचा पदर सहज फाटत नाही, दातांनी फाडला, आणि आवळून बांधला. कापड बघता बघता लाल झालं. त्यावर दुसरं बांधलं. मग दोन्ही हातांनी दाबून धरून बसले.

“मरायला आलीस व्हय गं?” मी म्हणाले.

“दार लावा आधी,” सुमन म्हणाली. मग भिंतीला टेकून, “हितं काय करीत हुता?”

मी गाठ आणखी आवळली.

“आवं, इचारतीया मी.”

मी सांगितलं. वीज, पोरं, मी एकटी, सगळं. त्या खोलीत ते शब्द फार मोठ्यानं ऐकू आले.

सुमनचे ओठ पांढरे पडले होते. तरी ती माझ्याकडं बघत राहिली. “ईज? सकाळधरनं एक तरी चमकली का?”

“न्हाई.”

“मग?”

तिनं उरलेला लाडू बघितला, मला भरवायला लावला, आणि अर्धा खाऊन डोळे मिटले. तेव्हा मात्र मी घाबरले. ती घाबरण्याची जात वेगळी होती. शेंगा खाता येत नाहीत तसली.

विलास आणि हमीदभाई आम्हाला शोधत आले तेव्हा वारा थोडा बसला होता. सुमनला हमीदभाईंच्या टेम्पोत घातली. रस्त्यावर बाभळी आडव्या. वाटेतल्या वस्त्यांवरची माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन भर पावसात उभीच होती. कुणाची गाडी, कोण आत, काही न विचारता फांद्या तोडून बाजूला करत होती. एक झाड बाजूला झालं की पुढं दुसरं. शिरूरला दवाखान्यात पोचलो तेव्हा माझे हात तिच्या पोटरीवर असे अडकले होते की नर्सनं ते सोडवले.

डॉक्टर तरुण होता. म्हणाला, “जखम खोल आहे, मातीही गेली आहे. त्यात शुगर इतकी. पाय वाचवायचा प्रयत्न करू.”

“प्रयत्न म्हंजी?” विलासनं विचारलं. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. सगळी माणसं वाईट बातमी म्हाताऱ्या बाईकडं बघून का देतात कोण जाणे.

पुढचा सबंध पावसाळा मला आठवतो तो त्या प्रश्नाभोवती. पाय राहतो की जातो. एका ड्रेसिंगला जखम बरी दिसायची, पुढच्याला पुन्हा काळी. बाहेर मात्र खरा पाऊस अगदी शहाण्यासारखा आला. बाजरी उगवली. बांधावर गवत झालं. ऊस जिथं झोपला होता तिथूनच वाकडा वर निघाला. माणसाचं काय अडलंय याची शेताला कधी खबर नसते, आणि तेच बरं असतं. पंचनामा करायला माणसं आली. उडालेले पत्रे, पडलेली कोंबड्यांची शेड, भिजलेला कांदा, सगळ्याचे फोटो काढले. पायाचं कुणी विचारलं नाही, कारण ते विचारायचं नव्हतंच. तो पत्रा बांधाला अडकलेला सापडला, पापडासारखा दुमडून. विलासनं ठोकून सरळ केला आणि पुन्हा गोठ्यावर टाकला. मला आधी राग आला. मग वाटलं, पत्र्यानं काय केलं? त्याला वाऱ्यानं जिकडं नेलं तिकडं तो गेला. आपल्या मनानं जाणारी त्या दिवशी मी एकटीच होते.

दवाखान्यात सुमनच्या खाटेशी मी आणि विलास आळीपाळीनं बसून असायचो. गावातल्या बाया यायच्या. एक म्हणाली, “आक्का, तुमचा पाय लावा की तिच्या पायाला. एवढ्या लोकांच्या उसणी घालवल्या.” त्या गेल्यावर, सुमन झोपलीय असं बघून, मी खरंच उजवा पाय धुतला. खाटेजवळ उभी राहिले. पाय उचलला आणि तसाच धरला. इतक्या लोकांना बिनधास्त लाथा मारल्या, तेव्हा कधी प्रश्न पडला नव्हता. आता पडला. लागून काही झालं नाही, तर?

“लावा की,” सुमन डोळे न उघडता म्हणाली. “आता लाजता व्हय?”

मी पाय खाली ठेवला.

ती दवाखान्यात असतानाच एका दुपारी जुन्या वळवासारखं आभाळ आलं. जांभळं, गडगडाट करत. चाळीवरची ताडपत्री सुटली आणि फडफडायला लागली. विलास शिरूरला, सून म्हशीला आणायला गेलेली. मी दोन्ही बाजूंना बघितलं. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून दोन्ही टोकं मीच धरायला गेले. लखकन चमकलं. मी उभी. पुन्हा चमकलं, डोक्यावरच म्हणा ना. ताडपत्री हातातून निसटायची, पुन्हा धरायची. दोरी दातात, दगड पायानं सरकवायचे. ते काम इतकं अवघड असतं हे मला खिडकीतून कधी दिसलं नव्हतं. सगळं बांधून झालं तेव्हा वीज ओढ्यापलीकडं, तिच्या तिच्या कामाला निघून गेली होती. मला काही झालं नाही. नुसती भिजले.

पोळ्याच्या सुमाराला डॉक्टर म्हणाला, आता काढावा लागणार नाही. पोटरीत वाटीएवढा खड्डा राहिला, चालताना काठी लागते, थंडीत ठणकतं. विलासनं तिला गाडीतून उतरवलं तेव्हा ती आधी कांदाचाळीकडं गेली, ताडपत्रीच्या गाठी बघितल्या आणि म्हणाली, “ह्या कुणी बांधल्या? एक धड न्हाई.” मग काठी टेकत ओट्यावर आली.

मी आधीच ओट्यावर होते, भिंतीशी टेकायच्या चांगल्या जागेवर. तिच्या पायाकडं बघायचं टाळत होते. सगळा पावसाळा जे बोलायचं ठरवलं होतं त्याला सुरुवात केली. म्हणाले, “सुमन, मी त्या दिवशी तिथं गेले नसते तर...”

तिनं काठी भिंतीला लावली. तिच्या आवाजात राग नव्हता, मायाही फारशी नव्हती. बाजारातून आल्यावर माणूस बोलतं तसं ती बोलली.

“आक्का, ईज कवाच तुमच्या मागं न्हवती. तुमच्या मागं मी हुते. आता सरका जरा, पाय लांब करू द्या.”